बन्सीची तिथी

रत्नाबाई आमच्याकडे कामाला लागली ती १९६५ च्या दिवाळीनंतर. तेव्हा आम्ही बोईसरला, स्टेशनापासून दहा मिनिटांवर, एका चिकूच्या वाडीतल्या दोन खोल्यांत राहत होतो. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं आणि हे तिथे एका ठेकेदाराकडे ओव्हरसियर होते. दिवसभर खडीचे ट्रक जायचे. सकाळी पुसलेल्या पाटावर दुपारी बोटानं नाव लिहावं इतकी धूळ.

रत्नाबाई तिशीची, उंच, कपाळावर गोंदण. आधी ती बांधकामावरच डोक्यावरून घमेली वाहायची. चिमी झाल्यावर तान्ह्या पोरीला घेऊन ते जमेना, म्हणून कुणीतरी तिला माझ्याकडे पाठवलं. चिमीला पोत्यावर बसवायची, हातात एक लाकडी उलथणं द्यायची आणि कामाला लागायची. बोलणं बेताचं. कुंभवलीच्या कडेला मजुरांच्या झोपड्या होत्या, तिथे ती आणि तिचा नवरा झुंबर राहत. माणसं चांद्याकडची. झुंबर समुद्राचं पाणी आत घेण्याच्या कालव्यावर खडकात भोकं पाडायचा, सुरुंगासाठी. त्याआधी दोघांचीही घराणी कोळशाच्या खाणीतली.

झुंबर तिचा दुसरा नवरा, हे मला दोन महिन्यांनी कळलं. पहिला बन्सी, झुंबरचा थोरला भाऊ. तो खाणीतल्या अपघातात गेला. वर्षानं जातपंचायतीनं बसून तिचा धाकट्या दिराशी पाट लावून दिला. त्यांच्यात ती रीतच आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ती बन्सीला ‘मोठे’ म्हणायची आणि झुंबरला ‘चिमीचा बाप’. नाव दोघांचंही घेत नसे.

पौष महिन्यात एक दिवस भांडी पालथी घालून ती हात पुसत आली.

“बाई, तुमच्याकडं पंचांग हाय न? वद्य अष्टमी कधी येते पाहा बरं.”

मी पाहून सांगितलं.

“आन् बारस?”

“अगं, दोन दोन दिवस कशाला?”

ती उंबऱ्याशी टेकली. “अष्टमीले छत पडलं. मोठे आत होते. चार दिवसांनी, बारशीले, चिमीचा बाप आत गेला, त्यानं पाहिलं. मोठे गेले म्हणून सांगितलं. बाहेर काढता आलं नाही, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळला. पितरात पान अष्टमीले टाकतो आम्ही. पण मन घेत नाही बाई. आपला माणूस कोणत्या दिवशी गेला, हे बायकोले ठाऊक नको?”

“अंगावर दगड पडल्यावर माणूस कितीसा जगणार, रत्नाबाई?”

“दगड पडला असंल तर,” ती म्हणाली आणि केर काढायला गेली.

त्या चार दिवसांचं ओझं ती घेऊन फिरते आहे, हे मला त्या दिवशी कळलं. बन्सी छत पडलं त्या मंगळवारी गेला, की झुंबर आत उतरला त्या शनिवारी, की आणखी पुढे, एवढंच तिला हवं होतं. आणि ते सांगू शकेल असं जगात एकच माणूस होतं. त्याच्याशीच तिचा संसार होता.

वैशाखात वाडीतली विहीर गाळानं भरली. मालकानं माणूस शोधला तर तो दोन आठवड्यांनी येतो म्हणाला. रत्नाबाई म्हणाली, “चिमीच्या बापाले रविवारी सुट्टी राहते. तो उतरंल.”

झुंबर आला. बुटका, रुंद खांद्यांचा, हसरा. त्याचे हात मात्र पाहवत नसत. दिवसभर यंत्र धरून धरून ते रिकामे असले तरी थरथरायचे. उतरण्याआधी तो विहिरीच्या काठावर पालथा पडला आणि हातातल्या बांबूनं आतल्या दगडांवर एकेक ठोका मारत कान लावून ऐकू लागला. लाकडाची मोळी घेऊन आलेली सोमी तिथंच उभी होती. ती वारली जमातीची, जिभेनं तिखट.

“विहिरीला ताप आलाय काय रं? नाडी बघतोस!”

“मावशी, आमचा कोळसा बोलतो,” झुंबर पडल्या पडल्या म्हणाला. “पडायच्या आधी सांगतो. लाकडाचे टेकूबी कुरकुरतात. तुमचा हा काळा दगड मुका. बोलत नाही, एकदम डोक्यातच येतो.”

“आमचा दगड नाय बोलत. आमी बोलतो तेवढा पुरे हाय!”

तो दोरानं खाली गेला. थोड्या वेळानं आतून घमेल्यावर ठोके आले. तीन. थांबून पुन्हा तीन. रत्नाबाईनं दगड उचलला, पण लगेच मारला नाही. आधी दोराची गाठ पाहिली, चिकूच्या बुंध्याला दिलेला वेढा ओढून पाहिला, मग काठावर तीन ठोके दिले.

“हे काय गं?”

“खाणीतलं बोलणं, बाई. तीन ठोके म्हणजे मी हाय, जिता हाय. जवाब दिला की त्या माणसाले वर आणल्याबगर आपल्याले घरी जाता येत नाही. म्हणून जवाब असाच देत नसतात. आपल्याच्यानं होते का, ते पाहून देतात.”

“आणि होत नसेल तर?”

“तर गुमान राहायचं. खालच्याले आस लावायची नाही.”

गाळ निघाला. अंघोळ करून झुंबर मागच्या पडवीत चहाला बसला. मी सहज विचारलं, विहिरीत भीती नाही वाटत? तो हसला.

“विहिरीत तं आभाळ दिसते, बाईसाहेब.”

“सांगा न बाईले,” रत्नाबाई आतून म्हणाली. ती पाट्यावर मिरच्या वाटत होती. “जुन्या खाणीचं.”

त्यानं आधी मान हलवली. मग सांगायला लागला, आणि लागला तसा रंगला.

ती खाण इंग्रजांच्या वेळची, तीस वर्षं बंद पडलेली. त्याची आजी तिथे टोपल्या वाहायची, तेव्हा बायकाही खाली उतरत. एका ठेकेदारानं आतले सागवानी टेकू आणि लोखंडी रूळ काढून आणण्याचं काम घेतलं, आणि बन्सी आणखी तिघांबरोबर त्यावर गेला. टेकू काढत बाहेरच्या दिशेनं सरायचं, छत आपल्यामागे बसू द्यायचं, असं ते काम. मंगळवारी छत त्यांच्यामागे बसायच्या ऐवजी त्यांच्यावरच आलं. ठेकेदाराची माणसं तीन दिवस मोठ्या वाटेनं खटपट करून परतली. झुंबरला मात्र दुसरी वाट माहीत होती. लहानपणी तिथे रानडुकरांमागे हिंडताना टणटणीच्या जाळीत त्यानं जुनं हवेचं भोक पाहिलं होतं.

“भिंतीले लोखंडाचे आकडे, पाय ठेवाले. अर्धे गंजून गेलेले. एक तं पायाखालीच तुटला. पडलो तो पाण्यात. गुडघाभर. आन् गरम, बाईसाहेब, अंघोळीच्या पाण्यासारखं.”

जाळीचा दिवा त्यानं कमरेला बांधून नेला होता. आतली हवा बिघडली की त्याची ज्योत बारीक होते. ती विझण्याआधी माणसानं परत फिरायचं. कोळसा काढताना छताला आधार म्हणून कोळशाचेच मोठे चौकोनी खांब सोडतात. डावा हात भिंतीला लावून तो ते खांब मोजत निघाला, म्हणजे येताना उजवा हात लावून तेच उलटे मोजता येतात. पाचव्या खांबापाशी पाणी संपलं. नवव्यापासून पुढे जुन्या टेकूंवर पांढरी बुरशी कापसासारखी लोंबत होती, नुसत्या श्वासानं तुटून तोंडावर यायची. सतराव्यापाशी पायाखाली काच वाजली.

“दिवा खाली नेला, तं बांगड्यांचे तुकडे. हिरवे. आजीच्या वेळच्या बायकांचे असतील. मले वाटलं, माझ्याच आजीचे. पाय उचलून टाकला पुढं.”

तेविसाव्या खांबावर खडूच्या रेघा होत्या, कुणाची तरी हजेरी, पाच पाचांचे गठ्ठे. शेवटच्या गठ्ठ्यात तीनच. पुढे वाट इतकी बुटकी झाली की तो हातापायांवर चालला. आवाज काहीच नाही. “इतकं गुमान, की आपल्या रक्ताचा आवाज येते.” तिसाव्याच्या पुढे ज्योत खाली येऊ लागली. आधी चिंचोक्याएवढी, मग ज्वारीच्या दाण्याएवढी. डोकं जड झालं, झोप येऊ लागली. एकेचाळिसाव्या खांबाशी वाट बंद होती. वरपासून खालपर्यंत दगड.

“तिथं भाऊ दिसला. दगडाखाली. डाव्या कुशीवर. गेलेला.”

आतला वरवंटा थांबला. “मागं उजव्या कुशीवर म्हणाले होते.”

“अंधार होता न.”

“दिवा होता न.”

झुंबरनं कप खाली ठेवला. माझ्याही मनात एक गोष्ट आली, ती मी बोलले नाही. एकेचाळीस खांब ह्यानं हातानं दाखवावेत तसे सांगितले, आणि सख्खा भाऊ चार शब्दांत उरकला.

श्रावणात रत्नाबाईनंच विषय काढला. जवळच्या चालू खाणीच्या दिवेघरात डोमाजी नावाचे म्हातारे होते, बन्सीच्या उठण्याबसण्यातले. खाली जाणाऱ्या प्रत्येकाला दिवा आणि नंबराचा पितळी बिल्ला तेच देत. “त्यांले लिहा, बाई. छत पडलं त्याच्या मागचं काही कळलं का, म्हणा.” झुंबरला सांगायचं का, असं मी विचारलं. “नको,” ती म्हणाली. मी लिहिलं. माझा पत्ता घातला.

उत्तर यायला दीड महिना लागला. भाद्रपदातला पितृपक्ष सुरू झाला होता, पंचमीचा दिवस. कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, टपोऱ्या अक्षरांतलं पत्र होतं. मी ते आधी एकटीनं वाचलं आणि पुन्हा पाकिटात घातलं. चार दिवस थांबावं, अष्टमी होऊन जाऊ द्यावी, असं मनात होतं. वळते तर रत्नाबाई ओल्या हातांनी दारात.

“वाचा बाई. अर्धं तुमच्या तोंडावर दिसलंच हाय.”

पत्रात होतं ते असं. नव्या खाणीत जुन्या खाणीचं पाणी झिरपू लागलं म्हणून या उन्हाळ्यात जुनीतलं पाणी उपसलं आणि अपघातानंतर तोंडाशी घातलेली विटांची भिंत फोडली. चौघांच्या अस्थी मिळाल्या. तिघे दगडांखाली होते. एक मात्र पलीकडे. छत दोन्ही बाजूंनी बसलं होतं आणि मध्ये खोलीएवढी पोकळी राहिली होती, तिथे तो कोळशाच्या भिंतीला पाठ लावून बसलेला होता. बिल्ला दोनशे सतरा. ‘तो बन्सीला मीच दिला होता. त्याची हाडे साबूत आहेत, दगड त्याला लागलेला नाही. जवळ लोखंडी पहार होती आणि शेजारच्या खांबाला पहारीने मारून मारून वीतभर खळगा पडला होता. किती दिवस काढले ते देवाला माहीत. तुमचा पत्ता कोणाजवळ नव्हता. नदीवर आम्हीच सर्व केले.’

तिनं सगळं उभ्यानं ऐकलं. मग चिमीला उचललं, तिच्या तोंडातलं उलथणं काढून जागेवर ठेवलं आणि म्हणाली, “रविवारी चिमीच्या बापाले इथंच आणते. त्याच्यापुढं पुन्हा वाचा. मले वाचता येत नाही, न् तोंडी सांगितलं तर तो आणखी काही जोडंल.”

रविवारी दुपारी ते आले. हे पालघरला गेले होते. मी पत्र वाचलं. झुंबर जमिनीवर बसून आपल्या हातांकडे बघत होता. पत्र संपलं तरी मान वर नाही.

“तुमी कोणाले पाहिलं तिथं?” रत्नाबाईनं विचारलं. आवाज चढवला नव्हता.

“कोणालेच नाही.”

“मग काय होतं?”

“दगड.”

“ठोके ऐकू आले?”

बाहेर रस्त्यावरून एक ट्रक गेला, मग दुसरा.

“लाकूड वाजलं असंल,” ती म्हणाली. मला वाटतं, ती वाट तिनं त्याच्यासाठी मुद्दाम उघडी ठेवली.

झुंबरनं मान हलवली. “लाकूड मोजत नाही. तीन होते. थांबून तीन.”

“मग?”

“दिवा विझाले आला होता. पाय उचलत नव्हते. दगड हटवाले दहा माणसं लागली असती...”

“ते नाही विचारत. जवाब दिला का?”

मी तिच्याकडे बघितलं. विहिरीच्या काठावर दोराची गाठ तपासणारी तिची बोटं मला आठवली, आणि नाही म्हण रे बाबा, असं मी मनात म्हणून गेले.

“दिला,” झुंबर म्हणाला. “हातात दगड कवा आला ठाऊक नाही. तीन मारले. मग भाऊ मोजणं विसरला. मारतच सुटला, मारतच सुटला. मी मागं फिरलो तरी मारत होता. पंचविसाव्या खांबापर्यंत ऐकू येत होतं.”

चिमी त्याच्या गुडघ्याला धरून उभी राहिली होती. त्यानं तिला धरलं नाही.

“वर येऊन पडलो. शुद्धीवर आलो तं ठेकेदाराचा माणूस पुढं. काय पाहिलं म्हणे. जिता म्हणालो असतो, तं वाट एकट्या मलेच ठाऊक. पुढं मलेच घातलं असतं. मेला म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी भिंत घातली. विटा मीबी दिल्या.” मग पहिल्यांदा त्यानं वर पाहिलं. “लोक म्हणतील, तुझ्यासाठी केलं. तसं नव्हतं. भ्यालो होतो.”

“लोकांचं राहू द्या,” रत्नाबाई म्हणाली. “त्याच्यानंतर किती दिवस जगले असतील?”

“पाणी झिरपत असंल तिथं. हवा किती होती, काय सांगू... दोन दिवस. चार. जास्तीबी.”

“म्हणजे अष्टमी नाही. बारसबी नाही.”

“नाही.”

तिनं पदरानं चिमीचं नाक पुसलं, तिला काखेला घेतलं आणि निघाली. झुंबर मागून दहा पावलांवर चालत गेला.

त्या वर्षी अष्टमी गेली, द्वादशी गेली, रत्नाबाई रोज वेळेवर कामाला येत राहिली. एकदा मात्र धुणं पिळता पिळता म्हणाली, “मले वाटायचं, मोठे एका घडीत गेले नसतील, दोन दिवस तळमळले असतील. तेवढं सोसलं असतं मी. वाट पाहत गेले, बाई. कोणीतरी येत हाय, असं धरून बसले असतील.” आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं पान सर्वपित्री अमावास्येला टाकायचं. त्या दिवशी तिनं मला घरी बोलावलं. मी दही घेऊन गेले. सोमी केळीची पानं घेऊन आली होती, ती दाराशी बसली. वडे, कढी, भोपळ्याची भाजी, भात, सगळं रांधून झालं होतं. त्यांच्याकडे पितर म्हणून एका माणसाला बसवतात, त्याचे पाय धुतात, त्याला गंध लावून जेवू घालतात. आधीच्या वर्षी वस्तीतला एक गाववाला बसला होता. त्या दिवशी दुसरं कुणीच आलेलं दिसेना. झुंबर चिमीला घेऊन बाहेर बाभळीखाली उभा होता.

रत्नाबाईनं पाट मांडला, पान वाढलं आणि तांब्या घेऊन दारात आली.

“या,” ती म्हणाली. “बसा, भाऊजी.”

पितराला बाहेरचा माणूस लागतो, घरधनी बसत नाही, हे मला तिनंच सांगितलेलं होतं. झुंबर जागचा हलेना. त्याचं तोंड असं झालं, की मी दुसरीकडे पाहिलं. मग त्यानं चिमीला खाली ठेवलं आणि आला. तिनं त्याच्या पायांवर पाणी ओतलं, कपाळाला गंध लावलं. तो बसला. पहिला घास तोंडापर्यंत नेताना अर्धा भात सांडला.

“नवऱ्याला भावजी बोलते काय गो ही?” सोमी माझ्या कानाशी कुजबुजली. मी तिचा हात दाबला.

तो जेवला. ती वाढत राहिली. “आणखी एक वडा घ्या, भाऊजी.” “कढी घ्या, भाऊजी.” तो नको म्हणत नव्हता. पान चाटून पुसून खाल्ल्यावर तो उठला, बाहेर हात धुतले आणि आत आला नाही. रत्नाबाईनं त्याचं कांबळं आणि कपड्यांची पिशवी आधीच बांधून दाराबाहेर ठेवली होती. ती त्यानं उचलली आणि तारापूरच्या रस्त्याला लागला. ठेकेदाराच्या बराकीत एकट्या गड्यांची सोय होती.

रत्नाबाई दहा दिवस आली नाही. अकराव्या दिवशी आली तेव्हा कपाळाला कुंकू नव्हतं आणि हात रिकामे होते. आसपासच्या बायकांनी तिला पुष्कळ सुनावलं. नवरा दोन कोसांवर जिवंत असताना हे काय भलतंच, म्हणून. ती कुणाशी वाद घालत बसली नाही. तिनं चिमीला पोत्यावर बसवलं आणि भांडी पुढे ओढली.

झुंबर दर रविवारी यायचा, वाडीच्या कुंपणापाशी उभा राहायचा. चिमी ‘बा’ म्हणत पळत जायची. रत्नाबाई पाण्याचा गडवा भरून पोरीच्या हाती पाठवायची, आत या म्हणायची नाही. त्याच्याबद्दल वाईट शब्दही तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. १९६९ मध्ये केंद्राचं काम आटोपलं आणि ठेकेदाराची माणसं पांगली, तेव्हा तो कुठल्याशा धरणाच्या बोगद्यावर गेल्याचं ह्यांनी सांगितलं. मी ते रत्नाबाईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

“बोगद्यात?” तिनं विचारलं.

“हो.”

तिनं सूप खाली ठेवलं, मग पुन्हा उचलून खडे वेचू लागली.